टोपणांची माळ

सन दोन हजार सोळा. माझं वय तेव्हा एकोणसाठ. हे शाळेच्या दाखल्यावरचं; आई सांगायची तसं धरलं तर साठी कधीच उलटली होती. शाळा माझी चौथीपर्यंत, आणि त्यातली निम्मी गुरांमागं गेली. पण औशाच्या बसस्टँडसमोर जो दवाखाना होता, त्यात कुठल्या खाटेचा पाय हलतो आणि कुठल्या पेशंटचा मेव्हणा सलाईनची गती हळूच वाढवतो, हे लोक मला विचारायचे. मी तिथला मामा. वॉर्डात काम करणाऱ्या गड्याला दवाखान्यात सगळे मामाच म्हणतात. त्यामुळं माझं नाव कुणी विचारलं नाही आणि मीही सांगत सुटलो नाही.

साहेबांचंही नाव सांगत नाही. साहेब म्हणजे दवाखान्याचे मालक, पोटाचे आणि काविळीचे मोठे डॉक्टर. आता लेकीकडं पुण्याला असतात, तब्येत ठणठणीत आहे, आणि माझा जळकोटचा पत्ता त्यांना पाठ आहे.

उंच माणूस, जरा पुढं वाकलेला. खिशात नेहमी दोन दस्त्या. एकीनं तोंड पुसायचे. दुसरी कशाला होती ते पुढं सांगतो. त्यांना कुणी नमस्कार केला की ते हात जोडत नसत. पुढं होऊन त्या माणसाच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढायचे. "वर बघा." माणूस वर बघायचा. पांढरं दिसलं की म्हणायचे, "हं, नमस्कार." भाजीवाली असो, एसटीचा कंडक्टर असो, नवा जावई असो. एकदा आमदार आले होते दवाखान्यात हार घालून घ्यायला. साहेबांनी हार माझ्याकडं दिला आणि आमदारांची पापणी ओढली. आमदारांनी गुमान वर बघितलं. फोटोवाल्यानं नेमका तोच फोटो घेतला. पेपरात खाली छापून आलं, आमदारसाहेब नव्या छताची पाहणी करताना.

लग्नाला बोलवायची तर लोकांना भीतीच वाटायची. न बोलवावं तर दुखणं आलं की त्यांच्याकडंच जायचं. एका व्यापाऱ्याच्या घरी हळदीच्या दिवशी गेले. नवरदेव पाटावर, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. साहेबांनी सगळ्या बायांसमोर त्याची पापणी ओढली आणि म्हणाले, "बाहेरून काही समजत नाही, पण आत ठीक आहे." नवरीकडची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मग साहेबांनी आहेर काढला. लोक पाकीट देतात, भांडं देतात. साहेबांनी बर्फाच्या डब्यातून पांढऱ्या काविळीच्या दोन लशी काढल्या, एक नवरदेवाला, एक नवरीला. बरोबर दवाखान्यातल्या शेख सिस्टरला घेऊनच गेले होते. नवरदेवाची आत्या म्हणाली, "हळदीच्या अंगाला सुई? डाक्टर, तुमचं डोकं फिरलंय का?" साहेब म्हणाले, "बाई, ही पांढरी कावीळ रक्तातून जाते आणि नवराबायकोतूनही जाते. तुम्ही पत्रिका जुळवली, रक्त जुळवलं का?" त्या घरानं पुढं दोन वर्षं पोटदुखीसाठी लातूरला जाणं पसंत केलं.

पांढरी कावीळ म्हणजे डॉक्टर लोक जिला बी म्हणतात ती. साध्या काविळीत माणूस पिवळा होतो आणि उतरतो. ही तशी नाही. डोळे पिवळे होतील, न होतील. आत गुपचूप बसून वर्षानुवर्षं लिव्हर पोखरत राहते. आणि तिचा सगळ्यात जास्त धोका कुणाला, तर आमच्यासारख्यांना, जे दिवसभर दुसऱ्याच्या रक्ताशेजारी वावरतात. हे मला साहेबांनी शिकवलं. शिकवलं म्हणजे दर सोमवारी सकाळी सगळ्यांना ओळीत उभं करून म्हणायला लावलं: हात धुणार, हातमोजे घालणार, वापरलेल्या सुईला टोपण लावणार नाही, लशीच्या तिन्ही टोचून घेणार. शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तशी. सिस्टर म्हणायच्या, सफाईवाल्या मावशी म्हणायच्या. आणि प्रतिज्ञा संपली की वॉर्डात जाऊन पहिल्याच इंजेक्शनला टोपण लावायच्या.

त्यात त्यांचाही दोष नाही. आमच्याकडं ती रीतच होती. टोचून झालं की दुसऱ्या हातातलं टोपण सुईवर सारायचं. घरात जसं दुधाचं भांडं उघडं ठेवलं तर सासू बोलते, तसं उघडी सुई ठेवली तर थोरली सिस्टर बोलायची. नीटनेटकी पोरगी कोण, तर टोपण लावल्याशिवाय सुई खाली न ठेवणारी. घाई असली तर तिथंच पेशंटच्या गादीत खोचून द्यायची. मी स्वतः चादरी बदलताना अशा सुया उपटून काढल्या आहेत, जसे वावरातले काटे काढतो तशा. बोटात जायची कधी. बोट धोतराला पुसायचं आणि पुढची चादर घ्यायची.

साहेबांचं म्हणणं, सगळ्यात जास्त सुया बोटात जातात त्या टोपण लावतानाच. एका हातात सुई, एका हातात टोपण, आणि डोळे तिसरीकडं. "सुईला ओळखदेख नसते," असं ते म्हणायचे. सुई वापरली की तशीच उचलायची आणि कापायच्या मशिनीत घालायची, संपलं. कुठं ट्रेमध्ये उघडी सुई पडलेली दिसली की साहेबांचा चेहरा उतरायचा. मग ती दुसरी दस्ती काढायचे, सुईवर पांघरायचे आणि ओरडायचे, "कुणाची आहे ही? उचला. माझ्या नजरेसमोरून उचला." आम्हाला वाटायचं, केवढी कळकळ.

माळेचं असं झालं. निलंग्याकडचा एक पेशंट आला होता, गळ्यात काविळीची माळ घालून. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका झाडपाल्याच्या बारीक काड्या दोऱ्यात गाठी मारून गुंफतात. आधी ती टोपीएवढी असते, डोक्यावर ठेवतात. मग ती आपोआप लांबत जाते. कानावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर. बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली समजायचं. माझे वडील जळकोटला अशी माळ द्यायचे. कुणाचा पैसा घेतला नाही. लोक बैलगाडीतून यायचे, अंगणात ओळ लागायची. चौथी शिकलेल्या माणसाकडं सांगायला एवढी एकच थोर गोष्ट होती, आणि ती मी दवाखान्यात सगळ्यांना सांगितली होती.

साहेबांनी त्या पेशंटची माळ बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी सुईच्या कोऱ्या टोपणांची माळ ओवून आणली. पांढरी टोपणं, मधेमधे इन्शुलिनची नारिंगी. सिस्टरांच्या खोलीत खिळ्याला टांगली. "मामांच्या वडिलांची माळ लांबली की आजार उतरायचा. ही माळ लांबली की समजायचं, आजार चढला. जो टोपण लावताना सापडेल त्यानं एक टोपण ओवायचं आणि ड्युटी संपेपर्यंत गळ्यात घालून फिरायचं."

माळ लई वेगानं लांबली. पोरी लाजायच्या, मग सवय झाली, मग एकमेकींचे फोटो काढायला लागल्या. पण ते काहीच नाही. लातूरहून एक सर्जन यायचे ऑपरेशनला, मोठा माणूस, मोठी गाडी. भूल दिल्यावर त्यांनी टोपण लावलं. साहेब दारातच होते. ऑपरेशन संपल्यावर हात धुऊन सर्जन बाहेर आले, तर साहेबांनी पुढं होऊन त्यांच्या गळ्यात माळ घातली. आमच्या भागात हार-सत्कार रोजचे. सर्जनला वाटलं, सत्कार आहे. मान वाकवून माळ घेतली, आम्हा सगळ्यांना हात जोडले आणि म्हणाले, "ह्याची काय गरज होती?" साहेब म्हणाले, "होती." सर्जन ती माळ घालून जेवले आणि तशीच घालून गाडीत बसले. ती परत आणायला मला लातूरला जावं लागलं.

आता माझं. मला लस घ्यायची नव्हती. माझं म्हणणं सरळ होतं: मी रक्तात हात घालून म्हातारा झालो, मला काय व्हायचं राहिलंय? शिवाय आमच्या घरी काविळीची माळ होती. साहेबांनी वाद घातला नाही. मला वॉर्डातून उठवलं आणि दारात चपलांपाशी बसवलं. म्हणाले, जोवर टोचून घेत नाही तोवर चपला सांभाळा. लोक येताजाता माझ्याकडं चपला सरकवायचे आणि म्हणायचे, "मामा, बढती?" आठवडाभर सोसलं. मग गेलो, बाही वर केली. महिन्यानं दुसरी घेतली. तिसरीला सहा महिने होते.

त्या मधल्या काळात काविळीचा तो दिवस आला, जगभर पाळतात म्हणे. साहेबांनी मांडव घातला, तालुक्यातले लोक बोलावले आणि मला स्टेजवर उभं केलं. माईकवर म्हणाले, "हे आमचे मामा. यांचे वडील काड्यांच्या माळा वाटायचे. आणि मामांनी लस घेतली. बघा, माणूस अडाणीपणातून कसा बाहेर येतो." लोक हसले. टाळ्या वाजल्या. कुणी तरी माझ्याच गळ्यात ती टोपणांची माळ घातली. माझे वडील त्या मांडवात नव्हते म्हणून बरं.

मी खाली उतरलो आणि साहेबांना सांगितलं, "तिसरी मी घेणार न्हाई."

"मामा, दोन झाल्यात. तिसऱ्याशिवाय पक्कं होत नाही."

"न होवो."

मी बरोबर केलं असं मला आजही वाटतं. साहेब मात्र हात धुऊन मागं लागले. सकाळी पापणी ओढताना म्हणायचे, "तिसरी, मामा." दिवाळीला मिठाईच्या पुड्यावर लिहून द्यायचे, तिसरी. माझ्या धाकट्या लेकीच्या लग्नात अक्षता टाकताना माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "आता तरी तिसरी." असा सगळा काळ गेला. त्यांना वाटे, मी सुईला भितो. मला त्याचं हसू यायचं. सुईला कोण भितंय.

एक गोष्ट मी बघितली होती, पण तिचा अर्थ लावला नव्हता. सिस्टर कुणालाही इंजेक्शन द्यायला लागली की साहेब पाठ फिरवायचे आणि खिडकीतून बसस्टँडकडं बघायचे. बाईमाणूस असो, बाप्या असो. मी घरी सांगायचो, माणूस असावा तर असा, दुसऱ्याची लाज राखणारा.

तर तो रविवार. रविवारी दवाखान्यात माणसं कमी. दुपारी एका शिलाईवाल्याला जीपमधून आणलं. साहेबांचा जुना पेशंट, पांढऱ्या काविळीचा, लिव्हर खराब झालेला. रक्ताच्या उलट्या करत होता. एक सिस्टर जेवायला गेलेली, शेख सिस्टर वर दुसऱ्या पेशंटला ऑक्सिजन लावत होत्या. मी हाका मारल्या, पण थांबायला वेळ नव्हता. साहेबांनी हातमोजे चढवले आणि म्हणाले, "मामा, हात धरा त्याचा."

मी धरला. साहेबांनी एका फटक्यात शीर घेतली, रक्त काढलं, सलाईन सुरू केलं. एवढ्या वर्षांत त्यांना सुई लावताना मी पहिल्यांदा बघितलं, आणि हात अजिबात हलला नाही. मग ती रक्ताची सुई हातात उरली, उघडी. कापायची मशीन पलीकडच्या टेबलावर. ट्रेमध्ये टोपण पडलेलं. साहेबांनी सुईकडं बघितलं, तोंड फिरवलं खिडकीकडं, आणि न बघता डाव्या हातानं टोपण उचलून सुईवर सारलं.

मोज्याच्या आत, डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला, लाल ठिपका वाढत गेला.

साहेबांनी मोजा ओढून काढला आणि बोट तोंडात घातलं. लहान लेकरासारखं.

"साहेब, तोंडातून बोट काढा," मी म्हणालो. "तुम्हीच सांगता. चोखायचं न्हाई, दाबायचं न्हाई, साबण आणि नळ."

त्यांनी काढलं. नळाखाली धरलं. तेवढ्यात शेख सिस्टर धावत आल्या, पेशंटला त्यांनी सांभाळलं, अँब्युलन्सनं लातूरला पाठवलं. तो माणूस वाचला, हे आधीच सांगून टाकतो. तासाभरात वॉर्ड शांत झाला आणि साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"दार लावा."

लावलं. साहेब खिडकीशी उभे होते, बोटावर दस्ती गुंडाळून.

"काळजी कशाची करता?" मी म्हणालो. "तुमच्या तर तिन्ही झाल्यात."

 बाहेर एक गाडी लागली, एक सुटली.

"मामा, झाल्या नाहीत."

"किती राहिल्या?"

"तिन्ही."

मी खुर्चीवर बसलो. साहेबांच्या केबिनमध्ये मी त्याआधी कधी बसलो नव्हतो. मग त्यांनी सांगितलं. लहानपणी देवीची लस टोचणारे गावात आले की हे ज्वारीच्या कणगीत लपायचे. कॉलेजात ही लस सगळ्या पोरांना दिली, तेव्हा यांनी एका मित्राला आपल्या नावावर उभं केलं. "त्या बिचाऱ्याला सहा झाल्या," साहेब म्हणाले. दुसऱ्याला टोचताना हात थरथरत नाही, पण टोक आपल्याकडं असलं, किंवा नुसतं उघडं पडलेलं दिसलं, की घाम फुटतो. म्हणून ती दस्ती. म्हणून मशीन. म्हणून खिडकी. आमच्या सगळ्या प्रतिज्ञा त्या एका भीतीतून निघाल्या होत्या, आणि त्या भीतीपायीच आज हातानं टोपण लावलं होतं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता पहिली लस आणि त्याबरोबर आजाराशी लढायची तयार ताकद देणारं एक वेगळं इंजेक्शन. दोन वेगळ्या जागी. जितकं लवकर तितकं चांगलं. उशीर झाला तर त्याचा उपयोग नाही." सगळं बरोबर सांगितलं, जसं दुसऱ्या कुणाला सांगावं. मग येरझाऱ्या घालायला लागले. "जरा विचार करू. संध्याकाळपर्यंत बघू. उद्या बघू." आणि एकदम थांबून हळू आवाजात म्हणाले, "मामा, तुमच्या वडिलांची ती माळ. तुम्हाला बांधता येते का?"

आधी वाटलं, चेष्टा करतात. तोंडाकडं बघितलं. चेष्टा नव्हती.

खरं लिहितो, माझी छाती फुगली. ज्यानं भर मांडवात माझ्या वडिलांवर लोकांना हसवलं, तो मोठा डॉक्टर दार लावून त्यांचीच माळ मागत होता. हो म्हणावं, उद्या जळकोटला जाऊन काड्या आणाव्या, आणि सोमवारी ओळीत सगळ्यांसमोर ती त्यांच्या डोक्यावर ठेवावी. एवढा हिशेब मनात झाला. पण त्यांच्या बोटावरची दस्ती लाल झालेली दिसत होती.

"येते," मी म्हणालो. "पण साहेब, माझे वडील कशानं गेले, ठाऊक हाय का?"

"नाही."

"मी कुणाला सांगितलं न्हाई. पोट पखालीसारखं फुगलं होतं. जन्मात दारूला शिवले न्हाईत. शेवटी रक्त ओकले, आत्ताच्या त्या माणसासारखं. गळ्यात त्यांनीच बांधलेली माळ होती. लांबत लांबत मांडीवर आली होती. आम्ही खुशीत होतो, उतरली म्हणून. मागून लातूरच्या डाक्टरनं सांगितलं, पांढरी."

साहेब माझ्यासमोर बसले.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"कुठं सांगू? माईकवर?"

 मग मी म्हणालो, "माळ मी बांधणार न्हाई. तुम्ही टोचून घ्या. तुम्ही घेतलं तर मी तिसरी घेतो."

तेवढ्या भीतीतही त्या माणसाचे डोळे चमकले. "तिसरी? कधी?"

"उद्या सकाळी."

"आज घ्या. आधी तुम्ही, मग मी."

"ते चालणार न्हाई. आज तुम्ही, उद्या मी. मंजूर असंल तर सांगा."

"शेख सिस्टरला कळता कामा नये."

"मग टोचणार कोण? मी?"

साहेबांनी त्याचाही क्षणभर विचार केला, हे मी शपथेवर सांगतो. मग म्हणाले, "बोलवा."

शेख सिस्टर आल्या, सगळं ऐकलं, आणि पदर खोचून म्हणाल्या, "मला ठाऊक होतं सर."

"काय ठाऊक होतं?"

"दर इंजेक्शनला तुम्ही खिडकीत जाऊन उभे राहता. आधी वाटलं, बसस्टँडवर कुणी बाई येत असंल. मग बघितलं, तर तिथं नुसते ड्रायव्हर. तेव्हा समजले. पण मालकाला कोण बोलणार?"

लस आमच्या फ्रिजमध्ये होती. दुसरं इंजेक्शन खालच्या मेडिकलवाल्यानं मागवून दिलं असतं, पण साहेब म्हणाले, त्याला सांगितलं तर चहा गार व्हायच्या आत औशाच्या किल्ल्यापर्यंत बातमी जाईल. म्हणून सिस्टरनं लातूरच्या मोठ्या दुकानात फोन केला, आणि मी थर्मासमध्ये बर्फ घेऊन एसटीत बसलो. चिठ्ठीवर सिस्टरनं माझं नाव टाकलं होतं. दुकानदारानं पुडकं देताना माझ्याकडं दयेनं बघितलं आणि आपला हात कपड्याला पुसला. पांढऱ्या काविळीच्या पेशंटकडं लोक कसं बघतात, ते मला त्या दिवशी कळलं. शेजारी बसल्यानं, हात धरल्यानं काही होत नाही, हे त्याला सांगायचं राहिलं. गाडी सुटत होती.

दिवस मावळायच्या आत परत आलो. आधी तपासायला साहेबांचं रक्त काढायचं होतं, तिथंच अर्धा तास गेला. साहेब टेबलावर, बाही वर. एका हातानं माझं मनगट धरलेलं, इतकं घट्ट की वळ उठले. तोंड खिडकीकडं.

"मामा, ती गाडी कुठली?"

मी बोर्ड वाचला. मला अक्षरं जोडून वाचावं लागतं. "नि-लं-गा."

"आणि तिच्या मागची?"

"उ-म-र-गा. व्हाया... थांबा, पुढं माणूस उभा हाय."

"कुठून व्हाया? मामा, कुठून?"

"हलू द्या की त्याला."

"झालं सर," शेख सिस्टर म्हणाल्या. "आता दुसरं. हे जाड आहे, ढिलं सोडा अंग."

दुसऱ्याला मी सगळा बसस्टँड वाचून काढला. फलाट, शौचालय, चौकशी, धूम्रपान करू नये. पुरलं नाही म्हणून समोरच्या हॉटेलातला भजी-वड्याचा फळाही वाचला. एवढं मी चौथीतही वाचलं नसेल.

पुढं मधेमधे साहेबांचं रक्त तपासत राहिले. शेवटच्या तपासणीतही काही निघालं नाही. त्या दिवशी साहेबांनी मला पेढे दिले आणि कशाचे ते शेख सिस्टरशिवाय कुणाला कळलं नाही. पण ते पुढचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे सोमवारी, सगळे ओळीत उभे होते. साहेब आले. खिळ्यावरची माळ काढली, खिशातून एक टोपण काढून तिच्यात ओवलं आणि माळ स्वतःच्या गळ्यात घातली. छातीच्या खाली बेंबीपर्यंत आली. म्हणाले, "काल मी हातानं टोपण लावलं. सुई बोटात गेली. मी आजवर एकही लस घेतली नव्हती. तुम्हाला सांगत राहिलो आणि स्वतः भ्यालो. काल पहिली घेतली."

 मग एक नवी सिस्टर हळूच म्हणाली, "सर किती छान करतात," आणि टाळ्या सुरू झाल्या. सगळ्यांना वाटलं, नवा कार्यक्रम आहे, आम्हाला शिकवायला नाटक करतात. मावशींनी डोळे पुसले. कुणी तरी म्हणालं, हे काविळीच्या दिवशी मांडवात करा, लोक रडतील. साहेब दोनदा म्हणाले, "अहो, खरं आहे." तशा टाळ्या वाढल्या.

मी ओळीतून निघालो आणि इंजेक्शनच्या खोलीत शेख सिस्टरपुढं जाऊन बसलो. डावी बाही मीच वर केली. साहेब माळ घालून दारापर्यंत आले. आत येईनात. पाठ करून चौकटीला धरून उभे राहिले.

सिस्टरनं टोचलं, सुई तशीच उघडी नेऊन मशिनीत घातली.

"मामा," साहेब तिकडं तोंड करूनच म्हणाले, "झाली का तिसरी?"

"झाली."

"दुखलं का?"

मुंगी चावावी तेवढंही कळलं नव्हतं. पण मांडव मी विसरलो नव्हतो, आणि साहेबांच्या अजून दोन राहिल्या होत्या.

"लई दुखलं, साहेब," मी म्हणालो, आणि बाही खाली करून चादरी बदलायला गेलो.